इंजिन गरम होईपर्यंत

शेठच्या हाताखाली काम करणारा माणूस काम सुरू व्हायच्या आधीच थकायचा. मी तर पार थकलो होतो, आणि आज त्यांच्याबद्दल सांगायला बसलो तरी तो शीण अंगात परत येतो.

पासष्ट-सहासष्टची सालं. साक्रीच्या बाजूला एका मातीच्या धरणाचं काम चाललं होतं. मी तिथे रोलर चालवायचो आणि शेठ यंत्रांचे फोरमन होते. शेठ हे त्यांचं खरं नाव नव्हे. घराणं मूळचं मारवाडातलं, जैन. जळगावात भावांचं कापडाचं दुकान. बाकीचे भाऊ गादीवर बसले आणि हा एकटा डिझेलच्या वासामागे घर सोडून निघाला. मजुरांनी चेष्टेनं 'शेठ' म्हणायला सुरुवात केली. पुढे चेष्टा गळून गेली, नाव तेवढं राहिलं.

उंच, वाळका माणूस. डाव्या डोळ्यावर भुवई नव्हती. थंडीत इंजिन लवकर चालू व्हावं म्हणून कुणीतरी हवेच्या नळीशी पेटता बोळा धरला होता, त्या भडक्यात ती गेली ती पुन्हा उगवलीच नाही. अंगात कायम पांढरा शर्ट. तेलकट यार्डात पांढरा शर्ट घालून फिरणारा दुसरा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. विचारलं तर म्हणायचे, "डाग पडला की कळतं ना भाऊ, कुठे गळतंय ते." संध्याकाळी शर्ट काढून ते तो उजेडात धरायचे आणि बाहीवरचा डाग कोणत्या यंत्राचा, ते ठरवत बसायचे. धुणाऱ्या शेठाणींचं काय होत असेल, याचा विचार त्यांनी केलेला मला दिसला नाही.

सकाळचा त्यांचा क्रम असा. यंत्राजवळ गेल्यावर आधी हात लावायचा नाही. एक फेरी मारायची. मग वाकून खाली बघायचं. मग मोठ्यानं ओरडायचं, "खाली कोणी आहे का? निघा बाहेर!" खाली कोणी नाही हे डोळ्यांना दिसत असलं तरी ओरडायचं. मग तेल, पाणी, डोझर ज्यांवर चालतो ते लोखंडी पट्टे. डोझरचं पातं जमिनीला टेकलेलं आहे ना, गिअर मोकळा आहे ना, ब्रेक लावलेला आहे ना. एवढं झालं की आमच्या जुन्या डोझरचं लहान पेट्रोल इंजिन हँडल मारून चालू करायचं. त्याच्या उबेवर मोठं डिझेल इंजिन हळूहळू ऊब धरणार, फिरणार, पांढरा धूर ओकणार. तेलाच्या दाबाचा काटा वर यायचा, धूर निवळायचा, मग गरमीचा काटा सावकाश चढायचा आणि हात ठेवला की पाण्याची टाकी कोमट लागायची. तोवर कुणी लिव्हरला हात लावला की शेठ हातातलं फडकं त्याच्या मनगटावर मारायचे.

"झोपेतून उठवलं आणि डोक्यावर पोतं दिलं, तर तू काय करशील?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते म्हणायच्या आधी माझे ओठ हलायचे.

आणि अंगठा. हँडल उलटा झटका देतं, अंगठा दांड्याभोवती गुंडाळलेला असला तर मनगट मोडतं. म्हणून अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. हे बरोबरच. पण शेठना त्याचं वेड होतं. विहिरीवर रहाटाचा दांडा धरणाऱ्या बायकांनाही ते लांबून ओरडायचे, "अंगठा!" बायका घाबरून कळशी सोडायच्या. कुणी हात मिळवला तरी आधी त्याच्या अंगठ्याकडे बघायचे.

एकदा त्यांच्याबरोबर धुळ्याहून जळगावला येत होतो. ड्रायव्हरनं एसटी चालू केली, लगेच घरघरवली आणि काढली. शेठ उठून पुढे गेले. "भाऊ, जरा दम घेऊ द्या की तिला." पारोळ्याला पुन्हा तसंच झालं, पुन्हा शेठ उठले. ड्रायव्हर म्हणाला, "एवढं असेल तर उतरा खाली." एरंडोलला शेठ खरोखरच वळकटी घेऊन उतरले. बरोबर म्हणून मीही उतरलो. पुढची गाडी बऱ्याच वेळानं आली, आणि तिच्या ड्रायव्हरनंही तेच केलं. शेठ डोळे मिटून बसून राहिले. जळगावच्या पुढे नशिराबादला माझी आई जेवण करून वाट बघत होती. तिथवर पोचायला मला अंधार पडला.

घरीही तेच. शेठाणींनी माझ्या बायकोला सांगितलं होतं, "उठले की आधी खाटेवर बसून राहतात. मग पाय हलवतात. मग चहा. तोवर घराला आग लागली तरी बोलायची सोय नाही."

एवढी धास्ती माणसाच्या मनात उगाच बसत नाही, असं सगळ्यांना वाटायचं. आधीच्या कुठल्यातरी कामावर यंत्राखाली झोपलेला मजूर यांच्या हातून चिरडला, अशी वदंता होती. कुणी सांगायचं मजूर, कुणी सांगायचं बाई. मी एकदा धीर करून विचारलं.

"कुठे काही झालेलं नाही," शेठ म्हणाले.

"मग एवढं कशाला?"

"झालेलं नाही म्हणूनच." आणि ते पुढच्या यंत्राकडे चालू लागले.

जीपचा ड्रायव्हर जरा आगाऊ होता. तो एकदा म्हणाला, "शेठ, तुमच्यात मुंगी मारायची नाही म्हणतात. इथे तुम्ही अख्खी टेकडी खरवडून काढता. त्यात किती जीव जातात, आणि खाली वाकून तुम्ही बेडूक शोधता?" आम्ही हसलो. शेठ हसले नाहीत. चिडलेही नाहीत. फडक्यानं हात पुसले. "दिसतात तेवढे तरी," म्हणाले. त्या दिवशी मला त्यांची कीव आली होती. पुढे मात्र मला त्यांचा राग आला, आणि तो फार वर्षं टिकला.

जानेवारी होता. माझ्या बायकोचे दिवस भरत आले होते. पहिलंच. ती माहेरी जायची होती, पण तिच्या माहेरी दुखणं होतं म्हणून राहिली. शेजारी एक म्हातारी अक्का होत्या, साक्रीकडच्याच. धरणावरच्या आमच्या वसाहतीतली बरीच बाळंतपणं त्यांच्या हातची. त्या आहेत म्हणून मी निश्चिंत होतो.

संध्याकाळी अवकाळी पाऊस आला, गाराही पडल्या. फटफटायच्या आधी तिला कळा सुरू झाल्या. अक्कांनी पोटावर हात फिरवला आणि त्यांचा चेहरा बदलला. "भाऊ, हाई मन्हा हातनं काम नई शे. धुळे ली जा." मी धावत जाऊन जीपवाल्याला उठवलं. तिला मागे आडवी केली, अक्का उशाला बसल्या. वसाहतीपासून रस्त्याला लागायच्या आधी एक नाला होता. काळी माती, रात्रभर भिजलेली. नाल्याच्या अलीकडेच जीप आसापर्यंत रुतली. आम्ही ढकलली, दगड घातले, बारदानं घातली; चाकं जागच्या जागी फिरून आणखी खाली गेली. खाटेवर घालून तिला पलीकडे नेली असती, पण पलीकडे तरी गाडी कुठे होती?

यार्ड तिथून दिसत होतं. मी चिखलातून पळत सुटलो. उजाडत होतं. शेठ नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी आलेले होते. मी काय ओरडलो ते मला आठवत नाही, पण ऐकल्याबरोबर ते डोझरकडे धावले. शेठना धावताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

आणि डोझरजवळ जाऊन ते थांबले. फेरी मारायला लागले.

"शेठ, चालू करा!"

"हँडल घे तू," ते म्हणाले, आणि वाकले. वाकले ते तसेच राहिले. मग चिखलात पालथे झाले.

डोझरच्या पोटाखाली कोरडी जागा होती. पावसात यार्डातली कुत्री तिथे शिरून व्याली होती.

मी लहान इंजिनाला हँडल मारलं. ते लागलं. शेठ वर आले, त्यांनी मोठं इंजिन फिरवलं, धूर आला, थडथड सुरू झाली. आणि ते पुन्हा खाली गेले. कुत्री गुरगुरत होती. त्यांनी एक पिल्लू बाहेर काढलं, पत्र्याच्या आडोशाला नेऊन बारदानावर ठेवलं. परत आले. दुसरं काढलं. पांढरा शर्ट छातीपासून खालपर्यंत काळा झाला होता.

"शेठ, ती मधोमध आहेत. पट्ट्याखाली नाहीत. सरळ पुढे घ्या, काही होत नाही!"

"एक पट्ट्याला चिकटून आहे."

"माझी बायको मरतेय तिकडे!"

"इंजिन थंड आहे भाऊ. आत्ता नेलं आणि ओढताना नाल्यात बंद पडलं, तर मग कोण ओढणार? तेवढा वेळ तसाही लागणारच आहे." असं म्हणून त्यांनी पुन्हा हात आत घातला. तेवढ्यात कुत्रीनं तो धरला. त्यांनी हात ओढला नाही, तसाच राहू दिला, आणि दुसऱ्या हातानं शेवटचं पिल्लू काढलं. कुत्री त्याच्या मागोमाग बाहेर आली.

नाल्याकडून अक्कांचा आवाज येत होता. "काय करी राह्यनात रे तुम्ही! पोरना जीव जाई राहिना!"

मी शेठची कॉलर धरली. हातात हँडल होतं. मारलं असतं की नाही ते सांगता येत नाही. ते माझ्याकडे बघत नव्हते, गरमीच्या काट्याकडे बघत होते. मग वर चढले, पातं हळूच उचललं, यंत्र मागे घेतलं आणि निघाले.

नाल्यात डोझर एकदाही अडखळला नाही. तारेचा दोर जीपला अडकवला, पहिल्याच ओढीला जीप चिखलातून सुटली. तशीच ओढत त्यांनी ती पलीकडच्या मुरमावर नेऊन सोडली. मी जीपमध्ये चढलो. बायकोनं माझा हात धरला, म्हणाली, "कुत्र्याची पिल्लं होती का हो खाली? मला आवाज येत होता." एवढ्या इंजिनाच्या आवाजात तिला तो कसा ऐकू आला, कोण जाणे.

धुळ्याच्या दवाखान्यात दुपारी मुलगा झाला. तो रडला नाही. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, गळ्याभोवती नाळ होती, बहुतेक आधीच गेलेला होता. मी विचारलं, "आधी म्हणजे केव्हा?" त्या म्हणाल्या, "ते कुणी सांगू शकत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "रात्रीच गेला असेल." त्यांचं आधीचं वाक्य खरं की नंतरचं, याचा विचार मी पुढे फार केला.

बायकोची तब्येत बरी नव्हती, म्हणून तिला तिथेच ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी बायकांच्या वॉर्डबाहेर बाकावर बसलो होतो, तर समोरून शेठ आले. हाताला पट्टी. कुत्रं चावल्याच्या सुया तेव्हा पोटात घ्याव्या लागायच्या, रोज एक. पोट धरून, जरा वाकून ते चालत होते. माझ्यापासून थोड्या अंतरावर येऊन उभे राहिले. मी मान फिरवली. मग ते निघून गेले. आम्ही तिथे होतो तोवर रोज असंच. सुई घ्यायची, वॉर्डच्या दाराशी येऊन उभं राहायचं, जायचं. एक दिवस त्यांनी बाकावर पितळी डबा ठेवला. आत डिंकाचे लाडू होते, शेठाणींनी केलेले.

मी तो डबा फेकून देणार होतो. बाळंतिणीचा खाऊ. बाळ कुठे होतं?

पण बायकोनं डबा माझ्या हातातून घेतला. "बाळंतीण तर झालेच ना मी," ती म्हणाली, आणि उशीला टेकून एक लाडू सावकाश खाल्ला.

पुढे धरण होईपर्यंत मी शेठच्याच हाताखाली होतो. नोकरी सोडून जायला जागा नव्हती आणि तेवढी ताकदही नव्हती. कामापुरतं बोलायचो. ते फेरी मारायचे, ओरडायचे, "खाली कोणी आहे का?" आणि मी रोलरच्या पलीकडे जाऊन उभा राहायचो. पूर्वी मी मनात त्यांची नक्कल करायचो, ती थांबली. पिल्लं मोठी झाली. सगळी जगली. त्यातलं एक तांबूस कुत्रं नेमकं माझ्या रोलरच्या सावलीत येऊन बसायचं. मी त्याला कधी मारलं नाही, कधी भाकरीही घातली नाही. बायको घालायची. ती त्याच्याशी बोलायचीसुद्धा.

आमची वसाहत उठली तेव्हा निरोपाला शेठ घरोघर गेले. आमच्याकडे आले तेव्हा मी मुद्दाम बाहेर गेलो होतो.

नंतर मलाही डोझर मिळाला. ठिकठिकाणची कामं केली, कालवे, रस्ते, एक-दोन पाझर तलाव. बायकोला दोन मुली झाल्या, चांगल्या झाल्या. मी मात्र रोज सकाळी यंत्र चालू करायचो आणि काट्याकडे बघत उभा राहायचो. एखाद्या गार सकाळी इंजिन गरम व्हायला इतका वेळ लागायचा की मी मनात म्हणायचो, बरोबर, शेठ खरं बोलत होते, पिल्लं काढून झाली तरी थांबावंच लागलं असतं. आणि एखाद्या सकाळी काटा झर्रकन वर यायचा. त्या दिवशी मी कुणाशी बोलायचो नाही. सोबतच्यांना वाटायचं, याचं डोकं फिरलंय. असं कितीतरी वर्षं चाललं. कंटाळा आला होता मला त्याचा. पण कंटाळा आला म्हणून ते थांबत नव्हतं.

आणीबाणी उठल्यानंतरची गोष्ट. आम्ही तेव्हा जळगावात पिंप्राळ्याला खोली घेऊन राहत होतो. मोठीच्या शाळेसाठी कापड आणायला बाजारात गेलो, तर एका दुकानात गादीच्या कडेला शेठ बसलेले. भावांनी शेवटी परत आणलं होतं. अंगावर पांढराच शर्ट, आता त्यावर एक डाग नव्हता. डोळ्यांना जाड चष्मा. गिऱ्हाइकाला कापड दाखवताना त्यांचे हात अवघडल्यासारखे चालत होते. पुतण्या मधूनमधून त्यांच्या हातातून ठाण काढून घेत होता.

मला त्यांनी लगेच ओळखलं. "या भाऊ, बसा." चहा मागवला. बायकोची चौकशी केली, मुलींची केली. बोलण्यासारखं संपलं. मी उठायला हवं होतं, पण उठवेना.

"शेठ, एक विचारायचं होतं."

"विचारा."

"त्या दिवशी ती पिल्लं नसती तर?"

कोणता दिवस, कोणती पिल्लं, असं त्यांनी विचारलं नाही. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला.

"तुम्ही म्हणाला होतात, तेवढा वेळ तसाही लागणार होता," मी म्हणालो.

"लागणारच होता. ते खरं होतं." पुतण्या एका बाईला साडी उलगडून दाखवत होता. शेठ आवाज खाली आणून म्हणाले, "पण मी पालथा होतो ना भाऊ. खाली. काट्यावर माझी नजर नव्हती. शेवटचं पिल्लू काढून वर पाहिलं, तेव्हा काटा वर आलेला होता. आत्ताच आला होता, की मघापासून तसाच होता, ते मला माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही?"

"नाही. मी रोज आठवून बघतो. माझ्या डोळ्यांपुढे कुत्रीचं तोंडच येतं, काटा येत नाही."

इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की या माणसाकडे उत्तर आहे आणि तो ते देत नाही. त्यांच्याकडेही काही नव्हतं. मी चहाचे रिकामे पेले उचलून कडेला ठेवले. मग पुतण्यानं त्यांना हाक मारली आणि ते उठले. उठताना एक हात गुडघ्यावर, एक माझ्या खांद्यावर. त्यांच्या हाताचं वजन काहीच नव्हतं.

घरी आलो तेव्हा बायको भाकरी करत होती. कापडाचा पुडा खाली ठेवत मी म्हणालो, "शेठ भेटले. भावांच्या दुकानात असतात आता."

तिनं मान वर केली नाही. "विचारलंत त्यांना?"

मला काही विचारायचं आहे, हे मी तिला कधीही सांगितलेलं नव्हतं.

"विचारलं."

"मग?"

"म्हणाले, तेवढाच वेळ लागला असता."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. जरा जास्तच करपली होती ती. निखाऱ्याशी उभी करून ठेवली आणि पाठीला हात लावत उठली.

"बरं," ती म्हणाली. "हातपाय धुवा, जेवायला बसा."